टेबल पाम आणि कुंडीतले छोटे पाम: पुणेकरांचे वारंवार येणारे प्रश्न

पामबद्दलचे प्रश्न वर्षातून दोनदा लाटेसारखे येतात. एप्रिलमध्ये "टोकं जळली" आणि ऑगस्टमध्ये "बुंधा मऊ पडला". खालची उत्तरं मुख्यतः टेबल पाम डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. अरेका, राफिस किंवा फिनिक्सचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

सगळ्या उत्तरांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगतो. पामचं काही बिघडलं तर ते दिसायला काही आठवडे जातात, आणि सुधारलेलं दिसायलाही तेवढेच. तपकिरी झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे नव्या पानावरून ठरवा, आणि एका वेळी एकच बदल करा. कुंडी, जागा, खत आणि पाणी एकाच रविवारी बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

१. नर्सरीवाला नुसतं "इनडोअर पाम" म्हणाला. आमच्याकडे आहे तो नक्की कोणता?

खोड आणि पान बघा. खोड हिरवं, बोटाएवढं बारीक, पानं पातळ आणि मऊ, एका कुंडीत पाच-दहा रोपं दाटीने लावलेली असतील तर तो टेबल पाम. शास्त्रीय नाव चामेडोरिया एलेगान्स. तो मूळचा दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. त्याच्या बहुतेक सवयींचं उत्तर या एका वाक्यात आहे.

दांडे पिवळसर, झावळ्या कमानीसारख्या आणि बुंध्यापासून फुटवे येत असतील तर अरेका. हा मादागास्करचा. पानं पंख्यासारखी, फाटलेल्या पट्ट्यांची आणि खोडावर काथ्यासारखं तपकिरी जाळं असेल तर राफिस. छोट्या खजुरासारखं दिसत असेल आणि झावळीच्या बुडाशी सुईसारखे काटे असतील तर फिनिक्स रोबेलिनी. तो साफ करताना जाड हातमोजे घाला. कडक, चकचकीत, टोकदार पानांचं गोल चक्र असेल तर तो पामच नाही, प्रश्न १८ पाहा.

२. रोप कुठून आणि कधी घ्यावं?

सोलापूर रस्त्यावर हडपसर सोडलं की मांजरी, लोणी काळभोर ते उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. शहरापेक्षा तिथे निवड जास्त असते. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथेही छान रोपं मिळतात. पण पाम घ्यायला सगळ्यात चांगला काळ जून ते सप्टेंबर. एप्रिलमध्ये शेडनेटखालच्या दमट हवेतून थेट तुमच्या कोरड्या हॉलमध्ये आलेलं रोप महिनाभर रुसून बसतं.

घेताना सर्वांत उंच झावळी बघू नका, मधला मिटलेला कोंब बघा. तो ताठ आणि हिरवा हवा. दोन-चार पानं उलटी करून बघा, आणि कुंडीच्या भोकातून मुळं डोकावतात का तेही बघा. थोडी डोकावत असतील तर चांगलंच आहे.

३. घरात कुठे ठेवू? आमची गॅलरी पश्चिमेला आहे.

टेबल पामला भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन फक्त सकाळचं, तेही तासभर पुरे. पूर्वेची गॅलरी किंवा उत्तरेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत ही उत्तम जागा. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र आरामात वाचता येत असेल तर तो उजेड चालतो.

पश्चिमेची गॅलरी जुलै ते जानेवारी एक वेळ चालेल. मार्चपासून मात्र दुपारी दोननंतरचं ऊन पानांवर कोरडे पांढरट चट्टे पाडतं. तेव्हा कुंडी आत घ्या किंवा हिरवी शेडनेट लावा. राफिसचंही असंच. अरेका थोडं जास्त ऊन सोसतो. फिनिक्सला उलट रोज चार तास तरी ऊन हवंच, म्हणून पश्चिमेच्या गॅलरीसाठी तोच घ्या. सावलीतलं रोप उन्हात न्यायचं असेल तर दोन आठवडे रोज थोडं थोडं पुढे सरकवत न्या, एकदम नको.

४. वास्तूप्रमाणे कोणत्या दिशेला ठेवावा?

उजेड असेल त्या दिशेला.

५. पाणी किती दिवसांनी घालायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर दिवसांत देता येत नाही. वरची दीड-दोन इंच माती कोरडी झाली की घालायचं. बोट खुपसून बघा. बोट जात नसेल तर जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत खोल घाला आणि पाच मिनिटांनी काढा. काडी ओलसर निघाली, माती चिकटली, तर आज पाणी नाही. काही दिवस असं केलं की नुसती कुंडी उचलून वजनावरून अंदाज येऊ लागतो.

घालायचं तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि खालच्या बशीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून टाका. रोज अर्धा पेला ही पद्धत सर्वांत वाईट. वरची माती कायम ओली, खालची मुळं कोरडी आणि क्षार जागच्या जागी साठलेले, असं त्यातून होतं.

पुण्यात ढोबळ अंदाज असा. एप्रिल-मे महिन्यांत गॅलरीतल्या कुंडीला दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं. थंडीत आठवड्याने. जुलै-ऑगस्टमध्ये घरातल्या कुंडीला आठ-दहा दिवसही लागत नाही, आणि पाम नेमके तेव्हाच मरतात. पंधरा पंधरा दिवस ऊन नाही, हवा दमट, झिमझिम चालू, कुंडी वाळतच नाही, आणि आपण मात्र उन्हाळ्याच्या सवयीने पाणी घालत राहतो. मुळं गुदमरून कुजतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. नर्सरीतल्या लाल मातीचा गोळा एकदा खडखडीत वाळला की पाणी पीत नाही. वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली येतं आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं. अशा वेळी कुंडी बादलीभर पाण्यात काठापर्यंत बुडवून अर्धा तास ठेवा, मग निथळू द्या.

६. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. चालेल का? आरओचं वाया जाणारं पाणी?

खडकवासल्याचं नळाचं पाणी पामला ठीक असतं. अडचण बोअर आणि टँकरची. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या भूजलात बरेचदा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. वाघोली, उंड्री, बावधन अशा भागांत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की महिना-दीड महिन्यात पानांची टोकं तपकिरी होऊ लागतात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खर दिसली तर समजून जा.

त्याच पाण्याने भागवायचं असेल तर महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओता, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. त्यातही पावसाचं पाणी मिळालं तर सोनं. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस गच्ची धुऊन गेला की पिंप भरून, झाकून ठेवा.

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, पामला नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं. ते हवेतली वाफ थंड होऊन झालेलं असल्याने त्यात क्षार जवळपास नसतात.

७. माती कोणती आणि कुंडी केवढी?

निचरा हवा, एवढंच. पुण्याच्या आसपासची काळी माती कुंडीत घालू नका. पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. लाल माती चार भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग, गांडूळ खत दोन भाग आणि जाड वाळू किंवा विटेचा बारीक चुरा एक भाग. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी फेकून द्या आणि पुन्हा एकदा धुवा, कारण काही विटांत मीठ असतं. मूठभर नीम पेंड घातलीत तर उत्तम.

कुंडी आधीच्यापेक्षा दोनच इंच मोठी. पामला थोडी अडचणीची कुंडी आवडते. "वाढायला जागा" म्हणून चौदा इंची कुंडीत लावलेला छोटा टेबल पाम हमखास कुजतो, कारण मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

८. आणल्या आणल्या कुंडी बदलू का? आणि एका कुंडीतली सात-आठ रोपं वेगळी करू का?

बदलू नका. रोपाला तीन-चार आठवडे नव्या हवेची सवय होऊ द्या. मुळं भोकातून बाहेर येऊन गुंडाळायला लागली असतील तरच बदला, आणि तेही जून-जुलैमध्ये. मातीचा गोळा न फोडता जसाच्या तसा ठेवायचा, बुंधा आधी होता तेवढ्याच खोलीवर.

टेबल पामची रोपं वेगळी करण्याच्या फंदात पडू नका. ते फुटवे नसतात. नर्सरीत कुंडी भरगच्च दिसावी म्हणून अनेक बिया एकत्र पेरतात आणि मुळं एकमेकांत इतकी गुंततात की सोडवताना निम्मी रोपं जातात. वर्षा-दोन वर्षांत त्यातली एक-दोन कमजोर रोपं आपोआप वाळली तर घाबरू नका, बुडाशी कापून टाका. खऱ्या फुटव्यांबद्दल प्रश्न १५ पाहा.

९. खत कोणतं?

फार कमी. फेब्रुवारी ते सप्टेंबर दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळ खत पुरतं. वाढ हवीच असेल तर एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. ऐन मे महिन्यात आणि कडक थंडीत काही देऊ नका. सुपर फॉस्फेट टाळा, त्यात फ्लोराइड असतं आणि टेबल पाम व अरेका दोघांचीही टोकं त्याने जळतात. चहाचा चोथा, केळीची सालं आणि तांदळाचं पाणी थेट कुंडीत ओतल्याने पामपेक्षा चिलटांचं भलं होतं.

१०. पानांची टोकं तपकिरी होताहेत. काय कमी पडतंय?

बहुतेक वेळा कमी नाही, जास्त पडतंय. आधी क्षार तपासा (प्रश्न ६), मग खत (प्रश्न ९), मग पाण्याची पद्धत (प्रश्न ५). तिन्ही ठीक असतील तर हवा. मार्च ते मे पुण्याची दुपार अत्यंत कोरडी असते, आणि त्यात कुंडी पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात असेल तर टोकं वाळणारच. कुंडी झोतातून हलवा आणि तीन-चार कुंड्या जवळ जवळ ठेवा. बशीत खडे आणि पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवली तर थोडा फरक पडतो. दिवसातून दोनदा फवारा मारणं म्हणजे मनाचं समाधान, पाच मिनिटांत हवा पुन्हा तेवढीच कोरडी होते.

तपकिरी भाग कात्रीने पानाच्या आकारात कापा, पण हिरव्याला कात्री लावू नका. एक बारीक तपकिरी रेघ ठेवा, नाहीतर कापल्या जागी टोक पुन्हा वाळतं.

११. पान पिवळं पडतंय. कापून टाकू?

कोणतं पान, यावर सगळं अवलंबून. सर्वांत खालच्या एक-दोन झावळ्या पिवळ्या होणं हे वय आहे. पूर्ण वाळली की कापा, त्याआधी नाही. पाम जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्याला देतो. अर्धवट हिरवी झावळी कापली की तो त्याच्या वरच्या पानातून काढू लागतो.

जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके, विशेषतः अरेका आणि फिनिक्सवर, हे पोटॅश कमी असल्याचं लक्षण. शेतकऱ्यांकडचं झिरो-झिरो-फिफ्टी हे पोटॅशचं खत लिटरला पाव चमचा, महिन्यातून एकदा. पानाची कड पिवळी आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम. एप्सम सॉल्ट लिटरला अर्धा चमचा, दोन महिन्यांतून एकदा. नवी आणि जुनी सगळीच पानं एकदम फिकट पडली आणि माती ओली असेल तर कोणतंही खत देऊ नका. मुळं कुजताहेत, कुंडीतून काढून बघा.

१२. पानांवर धुळीसारखे ठिपके आणि खाली बारीक जाळी. ही कोणती कीड?

लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यातला ठरलेला पाहुणा. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालू लागले तर तोच. कुंडी न्हाणीत आडवी धरून पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, दर तीन दिवसांनी, दोन आठवडे. एवढ्यानेच बरेचदा काम होतं. नसेल तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि साबणाचे काही थेंब, संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसा, मग तेच निंबोळी तेल.

घरासमोर बांधकाम किंवा मेट्रोचं काम चालू असेल तर महिन्यातून दोनदा पानं ओल्या फडक्याने पुसा. धुळीत कोळी वाढतो. चकाकीसाठी दूध, खोबरेल किंवा स्प्रे नको.

१३. अरेकाच्या दांड्यांवर काळे ठिपके आणि पांढरी भुकटी आहे. बुरशी का?

नाही. पिवळ्या दांड्यावरचे बारीक काळे ठिपके आणि खोडावरची पांढरट मेणासारखी भुकटी ही अरेकाची मूळ त्वचा आहे. राफिसच्या खोडावरचं काथ्याचं जाळंही तसंच, ते सोलून "स्वच्छ" करू नका. नखाने खरवडल्यावर टप्पोरा दाणा निघून चिकट डाग राहिला तर मात्र खवले कीड, तिथे प्रश्न १२ मधला पिठ्या ढेकणाचा उपाय करा.

१४. फार उंच झाला, खाली नुसतं खोड दिसतं. शेंडा छाटला तर फुटेल ना?

नाही. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच डोळा असतो, शेंड्यात. तो कापला की ते खोड संपलं. जास्वंदीसारख्या बगलफांद्या येत नाहीत. अरेका आणि राफिसमध्ये एक उंच खोड बुडाशी कापता येतं, कारण बाकीचे फुटवे चालू राहतात.

टेबल पामची मात्र एक गंमत आहे. त्याच्या खोडाच्या पेरांवर मुळांचे बारीक डोळे असतात. उंच खोडावर पानांच्या थोडं खाली ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळून प्लास्टिकने बांधलं आणि ओल टिकवली, तर पावसाळ्यात काही महिन्यांत तिथे मुळं फुटतात. मुळं भरपूर दिसली की त्याखाली कापून वरचा भाग कुंडीत लावा. खालचं ठुटकं मरतं. बुंध्याजवळ मातीच्या वर अशी मुळं आधीच दिसत असतील तर थोडी माती चढवून ती झाका.

१५. एकाचे दोन कसे करायचे?

अरेका आणि राफिसचे फुटवे जूनच्या अखेरीस काढता येतात. प्रत्येक भागाला तीन-चार खोडं आणि स्वतःची भरपूर मुळं हवीत. एकटा फुटवा सहसा जगत नाही. नंतर महिनाभर सावलीत ठेवा.

टेबल पाम आणि फिनिक्स बियांपासूनच. दोन्हींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे घरातल्या एकट्या झाडाला उगवणारं बी धरणार नाही. विकतचं ताजं बी मिळालं तरी टेबल पाम उगवायला काही महिने घेतो.

१६. मधून पिवळ्या मण्यांची दांडी आली. हे काय?

फुलोरा. टेबल पाम फूटभर उंचीचा असतानाही फुलतो. ठेवा किंवा कापा, दोन्ही चालतं. रोप अशक्त असेल तर कापा.

१७. पंधरा दिवस गावाला जायचंय. पाण्याचं काय?

पावसाळ्यात आणि थंडीत काहीच करू नका. भरपूर पाणी घालून, निथळून, खिडकीपासून लांब ठेवा. मे महिन्यात जात असाल तर उंचावर पाण्याची बादली आणि तिच्यातून कुंडीत सुती वात, किंवा उजेड येणाऱ्या न्हाणीघरात सगळ्या कुंड्या एकत्र. शेजारच्या काकूंना सांगत असाल तर "रोज घाला" म्हणू नका, "आठवड्याने एकदा घाला" म्हणा. प्रेमाने रोज घातलं जातं.

कोणत्याही ऋतूत कुंड्यांखालच्या बशांत पाणी ठेवून जाऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

१८. मांजर पानं चावतं. विषारी आहे का? आणि सायकसचं काय?

टेबल पाम, अरेका, राफिस आणि फिनिक्स हे कुत्र्या-मांजरांना विषारी नाहीत. फार खाल्लं तर उलटी होईल, एवढंच. फिनिक्सच्या काट्यांपासून जपा.

सायकसला "सागो पाम" म्हणून विकतात, पण तो पामच्या कुळातलाही नाही. त्याचे सगळे भाग, विशेषतः बिया, कुत्र्यांना जीवघेण्या विषारी असतात. कुत्रा किंवा रांगतं मूल असलेल्या घरात तो आणू नका. कुत्र्याने चावला असेल तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

१९. पामने घरातली हवा शुद्ध होते ना? रात्री ऑक्सिजन देतो म्हणतात.

हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून आला. त्यात टेबल पामचा भाऊबंद बांबू पामही होता. पण तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांत केलेला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा खिडकी-दारांतून होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. रात्री पाम इतर बहुतेक झाडांसारखाच ऑक्सिजन घेतो. तो इतका थोडा असतो की झोपण्याच्या खोलीत ठेवायला हरकत नाही. आवडतो म्हणून ठेवा.

२०. सोसायटीच्या लॉबीतले पाम दर वर्षी का मरतात?

उजेड कमी, आणि पाणी घालणारे हात फार. हाउसकीपिंगच्या ताई सकाळी घालतात, वॉचमनकाका संध्याकाळी पाइप धरतात, येता-जाता एखादे आजोबा बाटली रिकामी करतात. उपाय म्हणजे कुंड्यांचे दोन संच. एक लॉबीत, एक बागेत झाडाखालच्या सावलीत, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. पाण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे, वार ठरवून. लॉबीसाठी राफिस निवडा, कमी उजेडात तो सर्वांत जास्त टिकतो.

२१. मधलं मिटलेलं पान ओढलं तर हातात आलं. वाचेल का?

आलेल्या पानाचं बूड हुंगा. घाण वास आणि तपकिरी लगदा असेल तर शेंडा कुजला आहे. अरेका किंवा राफिस असेल तर तेवढं खोड बुडाशी कापा, बाकीच्या खोडांना कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारा आणि पाणी थांबवा. टेबल पामच्या कुंडीतही तेच, कारण प्रत्येक रोप वेगळं आहे. फिनिक्स मात्र एकखोडी. बूड कोरडं आणि आतला भाग पांढरा, घट्ट असेल तर औषध शेंड्यात ओतून दोन-तीन महिने वाट बघा, कधी कधी वेडंवाकडं का होईना नवं पान येतं. आत लगदाच असेल तर काढून टाका. ती माती दुसऱ्या पामला वापरू नका, मे महिन्यातल्या कडक उन्हात पातळ पसरून वाळवा आणि झेंडू-तुळशीच्या कुंडीत संपवा.